मॅव्हरिक्सनं लामेलो बॉलच्या मागे लागावं का?

टेक्सासकर | 12 ऑगस्ट 2025

मंडळी, इकडे प्लेनो-फ्रिस्कोच्या मराठी ग्रुपांवर सध्या हाच विषय चालू आहे: एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या आपल्या डॅलस मॅव्हरिक्सनं शार्लट हॉर्नेट्सचा लामेलो बॉल आणावा का? पण तिथे कोणी आकडे काढून बोलत नाही. म्हणून इथे विचारतो.

परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. कायरी अर्विंगच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा धरून ठेवणारा मुख्य अस्थिबंध) 3 मार्चला फाटलं. नवीन वर्ष उजाडेपर्यंत तरी तो कोर्टवर दिसत नाही. त्याच्या जागी डी'अँजेलो रसेल आणलाय, आणि प्रशिक्षक जेसन किड नवख्या कूपर फ्लॅगलाच चेंडू घेऊन पुढे येऊ द्यायच्या विचारात आहे. फ्लॅग अजून 19 वर्षांचाही नाही. लास व्हेगासच्या समर लीगमध्ये पहिल्या सामन्यात 21 पैकी 5 शॉट, पुढच्या सामन्यात 31 गुण. त्याच्यात दम किती आहे ते कळलं, आणि लगेच सगळा भार टाकला तर काय होतं तेही कळलं.

तिकडे शार्लट 19-63 (19 विजय, 63 पराभव). लामेलो बॉल येत्या 22 तारखेला 24 वर्षांचा होतो. मागच्या हंगामात सरासरी 25.2 गुण, 7.4 असिस्ट (ज्यावर गुण होतात असे पास). इतक्या कमी वयात इतके गुण काढणारा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून हल्ला रचणारा खेळाडू) बाजारात सहसा येत नाही. शार्लटनं त्याला विकायला काढलंय असं मी म्हणत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

मला चार गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. पगार जुळवताना कोण कोण द्यावं लागेल, आपल्याकडे द्यायला पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचे हक्क) किती उरलेत, फ्लॅग आणि अँथनी डेव्हिसबरोबर तो खेळात बसतो का, आणि त्याच्या घोट्याचं काय. फ्लॅग आणि डेरेक लाइव्हली सोडून बाकी कोणाचंही नाव घ्या, माझी तयारी आहे.

---

दुसरा_एप्रन | 12 ऑगस्ट 2025

आधी पैशाचं बघू. तिथे गणित जमलं नाही तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही.

लामेलोचा करार 2023 च्या जुलैत झाला. बातम्यांत 26 कोटी डॉलरचा आकडा फिरला, तो ऑल-एनबीए संघात (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) निवड झाली तरचा होता. ती झाली नाही, म्हणून करार 25 टक्के मॅक्सवरच (संघाच्या पगारमर्यादेच्या, म्हणजे कॅपच्या, 25 टक्क्यांवर) राहिला: 5 वर्षं, सुमारे 20 कोटी 39 लाख. यंदा 3 कोटी 79.6 लाख, मग 4 कोटी 8 लाख, 4 कोटी 36 लाख, आणि 2028-29 मध्ये 4 कोटी 64 लाख. मधे कुठेही ऑप्शन (करार मधेच सोडायची मुभा) नाही. म्हणजे जो घेईल त्याच्याकडे तो चार हंगाम पक्का.

एप्रन म्हणजे कॅपच्या वरच्या दोन पातळ्या, त्या ओलांडल्या की सौद्यांवर बंधनं येतात. यंदा पहिला एप्रन 19 कोटी 59 लाखांवर आहे, दुसरा 20 कोटी 78 लाखांवर. डॅलस पहिल्याच्या वर बसलंय. शिवाय रसेलला टॅक्सपेयर मिड-लेव्हल या सवलतीतून घेतल्यामुळे दुसऱ्या एप्रनवर हार्ड कॅप (न ओलांडता येणारी मर्यादा) लागलाय. एक डॉलरही वर जाता येत नाही, 30 जून 2026 पर्यंत. यातून दोन नियम निघतात.

पहिला: जेवढा पगार बाहेर जाईल त्याच्यापेक्षा जास्त आत घेता येणार नाही. 125 टक्क्यांची सवलत आपल्याला नाही. मात्र दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून पाठवता येतात, कारण ती बंदी दुसऱ्या एप्रनच्या वर गेलेल्यांना असते.

दुसरा मुद्दा बहुतेक लोक विसरतात. तीन देऊन एक घेतला की संघात जागा रिकाम्या होतात. 15 धरले तर उरतात 13. किमान 14 लागतात. त्यापेक्षा कमी खेळाडूंवर सलग दोन आठवडे आणि पूर्ण हंगामात मिळून 28 दिवसच काढता येतात. तो चौदावा खेळाडू किमान पगारावर घेतला तरी कॅपवर सुमारे 23 लाख चढतात. म्हणजे पगार नुसते जुळून भागत नाही, वर 23 लाख शिल्लक राहिले पाहिजेत.

आता जोड्या लावून बघा. पीजे वॉशिंग्टन 1 कोटी 41.5 लाख, डॅनियल गॅफर्ड 1 कोटी 43.9 लाख, केलेब मार्टिन सुमारे 95.7 लाख. बेरीज 3 कोटी 81 लाख. ट्रेड मशीनवर (सौदा नियमात बसतो का ते सांगणाऱ्या वेबसाइटवर) टाकलं की हिरवं दिसतं, आणि लोक तिथेच थांबतात. शिल्लक फक्त दीड लाख. आपण हार्ड कॅपच्या अगदी खाली आहोत, त्यामुळे चौदावा खेळाडू घेताना अडकणार.

क्ले थॉम्पसन (1 कोटी 66.7 लाख), गॅफर्ड आणि नाजी मार्शल (90 लाख): 4 कोटी अर्धा लाख. शिल्लक 21 लाखांच्या आसपास, जवळ येतं पण काठावर. क्ले, पीजे आणि मार्टिन: 4 कोटी 4 लाख, शिल्लक 24 लाख. हे बसतं. कागदावर तरी.

कागदावर म्हणण्याचं कारण पीजे. त्याचा हा करारातला शेवटचा हंगाम आहे आणि त्याला एक्स्टेन्शन (कराराची मुदतवाढ) देता येतं: पहिल्या वर्षी सध्याच्या पगाराच्या 140 टक्क्यांपर्यंत, चार वर्षांत सुमारे 8 कोटी 88 लाख. पण एक्स्टेन्शन 120 टक्क्यांच्या वर गेलं की सही केल्यापासून 6 महिने त्याला ट्रेड करता येत नाही. ट्रेडची शेवटची तारीख 5 फेब्रुवारी 2026. आज 12 ऑगस्ट आहे. आता त्यानं पूर्ण रकमेवर सही केली की या हंगामापुरता तो बाजारातून बाहेर. गॅफर्डचं एक्स्टेन्शन जुलैत झालं, 3 वर्षं 5 कोटी 44 लाख. तो आकडा बरोबर 120 टक्के आणि 5 टक्के वाढीवर बेतलेला आहे, म्हणून तो आजही पाठवता येतो. हे योगायोगानं झालेलं नाही. ज्यानं करार बांधला त्यानं ट्रेडची दारं उघडी ठेवूनच बांधला.

पिकांचं थोडक्यात सांगतो. 2027 चा आपला पहिल्या फेरीचा पिक पीजेला आणलं त्या सौद्यात शार्लटकडेच गेलाय, पहिल्या दोनात आला तरच आपला. 2028 मध्ये ओक्लाहोमा सिटीला अदलाबदलीचा हक्क (दोघांच्या पिकांतला चांगला स्वतः घेण्याचा). 2029 चा कायरीला आणलं त्या सौद्यात गेला. 2030 मध्ये सॅन अँटोनिओला अदलाबदलीचा हक्क. स्टेपियन नियमानुसार लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीत हात रिकामे ठेवता येत नाहीत. 2027 गेलेला असल्यामुळे 2026 चा देता येत नाही, 2028 चाही नाही. उरलं काय? लुका डॉन्सिच लेकर्सला दिला त्या सौद्यात आलेला लेकर्सचा 2029 चा, आणि 2031 किंवा 2032 पैकी एक. बस, एवढीच पुंजी.

---

उंच_हेज | 13 ऑगस्ट 2025

पैशाचं उत्तम मांडलंत. मी खेळाकडून येतो, आणि माझं मत सरळ आहे: 25.2 या आकड्यावर जाऊ नका.

ते गुण कसे आलेत ते बघा. सामन्याला 21 हून जास्त शॉट, त्यातले 11.2 तीन गुणांचे. एकूण नेम 40.5 टक्के, तीन गुणांचा 33.9. फ्री थ्रो पाचेक. ट्रू शूटिंग (तीन गुणांचे शॉट आणि फ्री थ्रो धरून एकूण नेम) काढायचं तर शॉटमध्ये फ्री थ्रोचे 0.44 पट मिळवायचे, त्याची दुप्पट करायची आणि गुणांना तिनं भागायचं. 21.3 अधिक 2.2 म्हणजे 23.5, दुप्पट 47. 25.2 भागिले 47, म्हणजे 53-54 टक्के. लीगची सरासरी साडेसत्तावन्नच्या आसपास असते. संघाचे तिसऱ्या हिश्शाहून जास्त पझेशन (चेंडू ताब्यात असतानाचे डाव) ज्याच्या हातून संपतात, त्याचा नेम सरासरीपेक्षा तीन-चार टक्के खाली असेल तर ते नुकसान रोज रात्री होतं. वर 3.6 टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) आहेतच.

पण हाच मुलगा 2021-22 मध्ये तीन गुणांचे 38.9 टक्के मारत होता, पुढच्या वर्षी 37.6. मग 35.5, मग 33.9. नेम हरवला असं मला वाटत नाही. बिघडली ती शॉटची निवड. शॉट क्लॉकवर (शॉट मारायच्या मुदतीच्या घड्याळावर) 16-17 सेकंद शिल्लक, एका पायावर, रेषेपासून चार फूट मागून, समोर हात. शार्लटमध्ये त्याला अडवणारं कोणी नव्हतं, आणि दुसरा कोणी चेंडू घेऊन काही करेल अशी खात्रीही नव्हती. प्रशिक्षक चार्ल्स लीचा तिथे पहिलाच हंगाम होता आणि निम्मा संघ जायबंदी.

डॅलसमध्ये काय बदलेल? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रिमकडे (बास्केटच्या कड्याकडे) धावणारे उंच खेळाडू. लामेलोची ड्रिबलवरून थेट तीन गुण मारायची रेंज इतकी लांब आहे की समोरच्या सेंटरला ड्रॉपमध्ये (मागे रिमजवळ राहून) खाली थांबता येत नाही, स्क्रीनच्या (जोडीदारानं उभं राहून घातलेल्या आडोशाच्या) रेषेपर्यंत वर यावंच लागतं. तो वर आला की मागे लाइव्हली. एक लॉब (रिमजवळ उंच उडवलेला पास), विषय संपला. शार्लटमध्ये हे काम मार्क विल्यम्स करायचा, पण मागच्या हंगामात तो 44 सामनेच खेळला. दुसरी गोष्ट, रिबाउंडनंतर एका हातानं पाऊण कोर्ट लांब टाकलेला पास. फ्लॅगसारखा पळणारा विंग (कडेनं खेळणारा उंच खेळाडू) असेल तर त्या पासवर फुकटात सोपे गुण मिळतात. असा पास देणारे लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि लामेलो त्यांतला एक.

आता अडचणी.

डेव्हिसला चार नंबरवर (पॉवर फॉरवर्ड म्हणून, सेंटर म्हणून नाही) खेळायचंय. म्हणजे डेव्हिस आणि लाइव्हली एकत्र. फ्लॅगनं ड्यूक विद्यापीठाकडून तीन गुणांचे 38.5 टक्के मारले, पण एनबीएची रेषा लांब आहे, निदान पहिलं वर्ष त्याला मोकळं सोडून बघतील. अशा पाचात कोपऱ्यात उभा राहून मारणारा एक तरी लागतोच. तो क्ले आहे, 39.1 टक्के. वरच्या ज्या जोड्या बसतात त्या दोन्हींत क्ले जातो. म्हणजे लामेलोला आणायच्या खर्चात त्याच्यासाठी कोर्ट मोकळं ठेवणारा माणूसच घालवायचा. मग रंगात (बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात) गर्दी होणार आणि तो पुन्हा लांबूनच मारत बसणार.

बचावाचं तर स्पष्टच सांगतो. स्क्रीनवर तो मरतो. आधी खांदा घालून वर जाण्याऐवजी मागून फिरून येतो आणि चोरी करायला हात टाकतो. सहा फूट सात इंच उंची आहे, हात लांब आहेत, त्यामुळे चोऱ्या मिळतातही. पण हुकला की मागे चार विरुद्ध पाच. डेव्हिस आणि लाइव्हली मागे असताना हे बरंच झाकलं जातं, रेग्युलर सीझनमध्ये तरी. प्लेऑफमध्ये समोरचा संघ रोज त्याच्याच माणसाला स्क्रीन द्यायला बोलावेल. आणि कायरी परतल्यावर? दोघं एकत्र असताना एकाला तरी लपवायला जागा कुठे आहे?

अटलांटानं 2022 मध्ये ट्रे यंगच्या जोडीला डेजाँटे मरे आणला, तीन पहिल्या फेरीचे पिक आणि वर अदलाबदलीचा हक्क देऊन. मरे तर बचावात नावाजलेला. तरीही 41-41, मग 36-46, आणि 2024 मध्ये त्याला न्यू ऑर्लिन्सला पाठवला. चेंडू हातात हवा असणारे दोघं शेजारी ठेवले की एकाचं अर्धं मूल्य वाया जातं. इथे तर तिसरा फ्लॅगही आहे, ज्याच्या हातात चेंडू देणं हे पुढच्या दहा वर्षांचं काम आहे.

---

घोटा_आणि_मनगट | 13 ऑगस्ट 2025

दुखापतींचं पूर्ण चित्र कोणी मांडलं नाही, ते मांडतो.

2020-21 मध्ये 72 पैकी 51 (उजवं मनगट मोडलं होतं). 2021-22 मध्ये 75, तोच एक पूर्ण हंगाम. मग 36, 22, 47. म्हणजे शेवटच्या तीन हंगामांत 246 पैकी 105 सामने. फेब्रुवारी 2023 मध्ये उजव्या घोट्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. त्या नोव्हेंबरात तोच घोटा मुरगळला आणि जवळजवळ हंगामच गेला. मार्च 2025 च्या शेवटी पुन्हा तोच घोटा आणि उजवं मनगट, दोन्हीवर उपचारासाठी हंगाम आटोपता घेतला.

वेगवेगळ्या अवयवांच्या किरकोळ दुखापती असत्या तर मी नशीब म्हटलं असतं. इथे एकच सांधा तीनदा आलाय. एकदा मोडलेला, मग मुरगळलेला घोटा बऱ्याचदा वरच्या बाजूला पूर्ण दुमडत नाही, आणि थांबून उडी मारणाऱ्या गार्डला तीच हालचाल सगळ्यात जास्त लागते. पाय नीट लागला नाही की उडी एका पायावर येते, शॉट पुढे किंवा आडवा पडतो. वर उंच_हेज यांनी एका पायावरच्या शॉटचा उल्लेख केलाय. ती सगळी सवयच आहे असं धरून चालू नका, त्यात घोट्याचाही वाटा असू शकतो. संघाच्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासायला हवं: दोन्ही घोट्यांची हालचाल शेजारी-शेजारी मोजणं, नवा एमआरआय, आणि एका पायावर उडी मारून उतरतानाचा फोर्स प्लेटवरचा (पायाचा जोर मोजणाऱ्या पाटीवरचा) फरक.

तपासणी ही नुसती औपचारिकता नसते. फेब्रुवारीत लेकर्सनं शार्लटकडूनच मार्क विल्यम्सला घेतलं होतं, वैद्यकीय तपासणीत अडलं आणि सौदा रद्द झाला. जूनमध्ये तोच विल्यम्स फिनिक्सला गेला. तेव्हा तपासणीचे निकाल हातात आल्याशिवाय कुठलाही सौदा पक्का समजायचा नाही.

आणि एक बेरीज. मागच्या हंगामात लामेलो 47 सामने, कायरी 50, डेव्हिस 51. पुढच्या हंगामात, 2026-27 मध्ये, या तिघांचा पगार 4 कोटी 8 लाख, 3 कोटी 95 लाख आणि 5 कोटी 85 लाख. एकूण सुमारे 13 कोटी 88 लाख. फ्लॅगचे 1 कोटी 45 लाख मिळवले की यंदाच्या जवळजवळ अख्ख्या कॅपइतकी (15 कोटी 46 लाख) रक्कम चौघांत संपते, आणि त्यातले तिघं असे की एकाच रात्री तिघंही युनिफॉर्ममध्ये असतील याची खात्री नाही.

---

बझ_सिटी | 13 ऑगस्ट 2025

हॉर्नेट्सच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं.

तुम्ही सगळे क्ले, मार्टिन, मार्शल वाटून टाकताय, पण शार्लटला त्यांचं काय करायचंय? ब्रँडन मिलर 22 वर्षांचा. फ्लॅगचा ड्यूकमधला जोडीदार कॉन नूपेल चौथ्या क्रमांकावर घेतला. कॉलिन सेक्स्टन जूनमध्ये आलाय. पस्तिशीचा क्ले तिथे येऊन कोणासाठी खेळणार? शिवाय तीन घ्यायचे म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी आपले दोन सोडून द्यावे लागतात, आणि हमीचे पगार असल्यामुळे ते पैसे बुडीत.

लामेलो तिथला चेहरा आहे. पूर्व विभागातल्या गार्डांमध्ये यंदा ऑल-स्टारसाठी चाहत्यांची सगळ्यात जास्त मतं त्याला पडली, तरी तो संघात आला नाही. असा खेळाडू लहान शहर सहजासहजी सोडत नाही. तिकिटं त्याच्यावर विकली जातात.

तरीही विकायचाच ठरला तर शार्लटला डॅलसकडून खरोखर हव्याशा गोष्टी दोन. गॅफर्ड, कारण विल्यम्स गेल्यापासून सेंटरची जागा उघडी आहे. आणि 2027 च्या पिकवरचं संरक्षण काढून टाकणं. पहिल्या दोनात आला तर तो डॅलसकडे राहतो, ही अट गेली की तो पिक पूर्ण मोकळा होतो. 2027 च्या वसंतात डेव्हिस 34 चा असेल, कायरी 35 चा. तोवर डॅलस कोसळण्याची शक्यता शार्लटच्या कुठल्याही हिशेबनिसाला दिसते. माझ्या मते त्या संरक्षणाची किंमत लेकर्सच्या 2029 च्या पिकापेक्षा फार कमी नाही.

---

टेक्सासकर | 14 ऑगस्ट 2025

खूप आभार, यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मग दोन सरळ प्रश्न. मर्यादा कुठे आखायची? म्हणजे कुठल्या किमतीपर्यंत 'हो', कुठून पुढे 'नाही'? आणि लामेलो नाही तर मग कोण? रसेल आणि फ्लॅगवर अख्खा हंगाम काढायचा का?

दुसरं, मेम्फिसनं ऑरलँडोकडून डेसमंड बेनसाठी चार पहिल्या फेरीचे पिक आणि एक अदलाबदल घेतली. त्या भावानं मोजलं तर आपल्याकडे तेवढे पिकच नाहीत. मग शार्लट आपला फोन तरी उचलेल का?

---

दुसरा_एप्रन | 14 ऑगस्ट 2025

बेनचा भाव लामेलोला लागत नाही. बेन चेंडूशिवायही खेळतो, चाळीस टक्क्यांच्या आसपास तीन गुणांचे मारतो, बचावात कोणाला लपवावं लागत नाही. म्हणून कुठल्याही संघात बसतो, म्हणून मागणी जास्त. लामेलोसारख्या गार्डला अख्खा हल्ला त्याच्याभोवती बांधावा लागतो. एवढी तयारी असलेले संघ फार तर तीन-चार, त्यामुळे भाव खाली येतो. फिनिक्सनं केव्हिन ड्युरंट सोडला तेव्हाही ह्यूस्टनकडून जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, यंदाचा दहावा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच पिक, एवढंच मिळालं. मोठं नाव आणि मोठा पगार असला तरी नव्या नियमांत घेणारे कमी राहिलेत.

माझी मर्यादा सांगतो. गॅफर्ड, मार्टिन आणि मार्शल (बेरीज 3 कोटी 29.6 लाख, म्हणजे 50 लाख कमी पडतात) अधिक जेडन हार्डी (60 लाख). एकूण 3 कोटी 89.6 लाख. क्ले राहतो, पीजेही राहतो. पण चार देऊन एक घेतला की उरतात 12, म्हणजे दोन किमान पगार, 46 लाख, आणि शिल्लक फक्त 10 लाख. इथे तिसरा संघ लागतो. ज्याच्याकडे ट्रेड एक्सेप्शन (बदल्यात पगार न पाठवता खेळाडू घ्यायची सवलत) पडून आहे त्याच्याकडे ड्वाइट पॉवेल किंवा तसाच एखादा खेळाडू दुसऱ्या फेरीच्या पिकासकट सोडायचा आणि त्या जागी दहा दिवसांचे करार वापरायचे. दहा दिवसांचे करार 5 जानेवारीपासून करता येतात, आणि त्यांचा भार फक्त तेवढ्या दिवसांचा चढतो. म्हणून हा सौदा ऑगस्टमध्ये मेटाकुटीला आणतो, फेब्रुवारीत सहज होतो.

पिकांमध्ये 2027 चं संरक्षण काढणं, आणि 2031 चा पहिल्या पाचापर्यंत सुरक्षित ठेवून. लेकर्सचा 2029 चा नाही. तोवर लुका तिथे असला तर तो पिक सामान्य, नसला तर सोन्याचा, आणि ही शक्यता दुसऱ्याला विकायला आपण बसलेलो नाही. 2029 महत्त्वाचं असण्याचं आणखी एक कारण: फ्लॅगचा नवा करार 2029-30 पासून सुरू होणार, 25 किंवा 30 टक्क्यांचा. लामेलोचा करार बरोबर त्याच्या आदल्या हंगामात संपतो. पैशाच्या दृष्टीनं या सौद्यातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि मी अजून विरोधात गेलो नाही तो एवढ्यासाठीच. पण लाइव्हलीचा नवा करार 2027-28 पासून लागेल. ती दोन वर्षं डेव्हिस किंवा कायरी यातला एक तरी जायला हवा. तो निर्णय आज कागदावर लिहून ठेवूनच लामेलोसाठी फोन करायचा.

---

उंच_हेज | 14 ऑगस्ट 2025

'मग कोण' याचं माझं उत्तर कोबी व्हाइट. शिकागो, 25 वर्षांचा, मागच्या हंगामात 20.4 गुण, तीन गुणांचे 37 टक्के, 74 सामने. पगार 1 कोटी 28.9 लाख, शेवटचं वर्ष. एकट्या गॅफर्डवर सौदा जुळतो आणि वर 15 लाख शिल्लक राहतात. एकास एक असल्यामुळे संघात जागाही रिकामी होत नाही, त्यामुळे चौदाव्या खेळाडूची कटकटच नाही. चेंडू हातात नसताना तो कोपऱ्यात उभा राहून मारतो, फ्लॅगच्या हातात चेंडू राहतो. लामेलोसारखा पास त्याच्याकडे नाही, बचाव तोही साधारणच.

खोड एकच. सध्याच्या पगारावर एक्स्टेन्शनची मर्यादा त्याच्या बाजारभावापेक्षा खाली येते, म्हणून तो जुलै 2026 मध्ये फ्री एजंट (करारमुक्त) होणार हे जवळपास ठरलेलं आहे. बर्ड राइट्स (आपल्याच खेळाडूला पुन्हा करार द्यायचा खास हक्क) आपल्याकडे येतील, म्हणजे कॅपच्या वर असूनही त्याला देता येईल, पण तेव्हा कायरी, डेव्हिस आणि त्याचा नवा करार मिळून पुन्हा दुसरा एप्रन. त्यामुळे त्याच्यासाठी पहिल्या फेरीचा पिक द्यायचा नाही. गॅफर्ड आणि दुसऱ्या फेरीचे एक-दोन, पुढे नाही.

टेक्सासकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: पहिले 25 सामने फ्लॅगच्या हातात चेंडू देऊन बघू दे. दोन गोष्टींवर नजर ठेवा. पूर्ण कोर्टचा दबाव आला की तो चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे 8 सेकंदांत सुखरूप नेतो का, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे शॉट पुढे आखूड पडायला लागतात का. दुसरं होत असेल तर भार जास्त झालाय, गार्ड आणायलाच हवा. लामेलोचेही तोवर 20 सामने तरी झाले असतील, घोटा कळेल. 15 डिसेंबरपासून रसेललाही सौद्यात घालता येतं, त्याचे 56.8 लाख हार्डीच्या जागी जवळपास तसेच बसतात. त्याआधी शार्लटला फोन करायचा तो फक्त 2027 च्या संरक्षणाची किंमत ते काय लावतात हे विचारायला.

---

बझ_सिटी | 14 ऑगस्ट 2025

गॅफर्ड, मार्टिन, मार्शल, हार्डी या चौघांच्या जागी शार्लट तिघंच मागेल आणि हार्डी तिसऱ्या संघाकडे पाठवायला सांगेल, कारण ट्रे मॅनला नुकताच नवा करार दिलाय. 2031 च्या पिकवर पहिल्या पाचाचं संरक्षण चालणार नाही, पहिल्या तिनापर्यंत बोलणी होऊ शकतील. आणि मार्शलला गाळू नका. त्याचा 2026-27 मध्येही 94 लाखांचा करार आहे, तिथल्या बेंचवर असा बचाव करणारा विंग नाही, त्या यादीत गॅफर्डनंतर तिथे खरा उपयोग त्याचाच आहे.